घारी भरपूर आहेत, म्हणून?

ठाण्याच्या वागळे इस्टेट या औद्योगिक वसाहतीतल्या पत्र्यांवर ऊन तापलं की वर चढणाऱ्या गरम हवेवर घारी घिरट्या घालू लागतात. पंख क्वचितच हलतात. दुभंगलेली शेपटी मात्र सारखी कलत असते. खाली कोंबडीचं आतडं पडलेलं दिसलं की घार रिक्षांच्या गर्दीत झेपावते, ते पंजात उचलते आणि उडता उडताच खाते. हे रोजचं झाल्यामुळे शिकारी पक्ष्यांना शहर मानवतं, अशी आपली समजूत झाली आहे. खरं तर मानवतं ते मुख्यतः घारीला. ठाण्याचा कचरा तिला पुरतो, कारण मेलेलं, सांडलेलं, टाकलेलं सगळं तिला चालतं. जवळच्याच येऊरच्या जंगलातल्या सर्पगरुडाला साप-सरडे लागतात आणि त्यांच्यासाठी दाट झाडी. ती तुटली, तर कचऱ्याचा कितीही मोठा ढीग त्याच्या कामाचा नाही. आपण वाढवतो तसं शहर घारीला ठेवून घेतं आणि गरुडाला डोंगरात मागे लोटतं.

घारी भरपूर आहेत, मग काळजी कसली, असं कोणी म्हणेल. 1980च्या दशकात पांढऱ्या पाठीची गिधाडंही भरपूर होती, इतकी की जगातल्या मोठ्या शिकारी पक्ष्यांत त्यांची संख्या सर्वाधिक असावी, असं मानलं जाई. गुरांना दिलेलं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावरांतून त्यांच्या पोटात गेलं आणि 2007 पर्यंत भारतातली या जातीची नव्याण्णव टक्क्यांहून अधिक गिधाडं संपली. जनावरांसाठीच्या त्या औषधावर बंदी आली 2006 साली. जो पक्षी आपण टाकलेल्यावर जगतो, तो आपल्या एकेका सवयीवर टांगलेला असतो.

घारीलाही उंच झाड लागतंच. काटक्या, तारा, चिंध्या आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्या गुंफलेलं तिचं घरटं उंच फांदीच्या बेचक्यात असतं. विणीचा काळ हिवाळ्यातला, म्हणजे ऐन संक्रांतीच्या मांज्याचा. इस्टेट उभी राहिली 1960च्या दशकात. तेव्हा आवारांत लावलेली झाडं आता कुठे घरट्याजोगी झाली आहेत, आणि नेमकी आताच जुन्या कारखान्यांच्या जागी काचेचे टॉवर येताहेत. इस्टेटीलगतच्या किसननगरच्या माणसांना धड घर हवं, हे मान्यच. धोकादायक इमारतीत राहणाऱ्याला पक्ष्यांसाठी थांब म्हणणं अन्याय्य आहे. पण थांबायला त्याला सांगायचंच नाही. राज्याच्या वृक्ष कायद्यातल्या 2021च्या दुरुस्तीनुसार जुन्या झाडाच्या बदल्यात त्याच्या वयाइतकी रोपं लावायची असतात. त्यातलं एकही रोप यंदाच्या जोडीला फांदी देणार नाही. 1972च्या वन्यजीव कायद्यात तर संरक्षित पक्ष्याच्या घरट्याला त्रास देणंही शिकारीतच मोडतं. म्हणून कुऱ्हाड लावण्याआधी पक्षी ओळखणाऱ्या माणसाने शेंडा पाहावा, आणि घरट्यात अंडी किंवा पिल्लं असली तर पिल्लं उडेपर्यंत त्या एका झाडाची पाळी शेवटी लावावी. अंडी महिनाभरात फुटतात, त्यानंतर सहा-सात आठवड्यांत पिल्लं उडू लागतात. वर्षानुवर्षं चालणाऱ्या बांधकामात एवढी सवड काढता येते.