वारा अंगावर घेणारे

सी. के. नायडूंच्या इंदुरात क्रिकेटखेरीज दुसऱ्या खेळाचे वेड लागणे तसे अवघडच. तरीही गेली कित्येक वर्षे जुलै उजाडला की आम्हां भावंडांची संध्याकाळ 'तूर द फ्रान्स' या सायकल शर्यतीच्या स्वाधीन होते. आम्ही म्हणजे तिघे धाकटे, साठी ओलांडलेले. आणि आमच्यासोबत आरामखुर्चीत बसलेले, ऐंशी उलटलेले दादा.

निमित्त पुतण्याचे. तो नोकरीसाठी फ्रान्समध्ये ग्रनोबल येथे राहू लागला आणि आल्प्स पर्वतातल्या घाटांची वर्णने फोनवरून ऐकवू लागला. आल्प द्युएझ या चढाला एकवीस वळणे, आणि प्रत्येकाला उलट क्रमाने आकडा दिलेला! प्रथम आम्ही पाहत होतो ते सूर्यफुलांची शेते आणि जुन्या गढ्या. सायकलस्वार म्हणजे त्या चित्रातले रंगीत ठिपके. तीन आठवडे, एकवीस टप्पे, सुमारे साडेतीन हजार किलोमीटर, आणि त्यातले कितीतरी तास काहीच घडत नाही, ही आमची पहिली तक्रार.

पुढे उमगले, की जे घडते ते वाऱ्याशी घडते. पुढच्याच्या आडोशाने चालणाऱ्याची शक्ती सपाटीवर जवळजवळ एक तृतीयांश वाचते. म्हणून प्रत्येक संघातले बहुतेक स्वार आपल्या नायकासाठी वारा अंगावर घेतात, मोटारीपाशी मागे जाऊन पाण्याच्या बाटल्या सदऱ्यात कोंबून आणतात, आणि घाट चढू लागला की दमून गळून पडतात. फ्रेंच भाषेत त्यांना 'दोमेस्तिक' म्हणतात. आपल्याकडचा सरळ शब्द घरगडी. शर्यत सांघिक, पण पिवळा सदरा एकट्याचा. (हा सदरा १९१९ पासूनचा. १९०३ साली खप वाढवण्यासाठी ज्या दैनिकाने शर्यत सुरू केली त्याचा कागद पिवळा होता, म्हणून हा रंग, असे सांगतात.)

या घरगड्यांत आम्हांला सर्वांत जवळचा वाटतो तो रने व्हिएत्तो. १९३४ साली तो अवघा वीस वर्षांचा, घाट चढण्यात अव्वल. पिरेनीज पर्वतात त्याचा नायक आंतोनँ मान्य याचे चाक निकामी झाले. व्हिएत्तोने आपले पुढचे चाक काढून दिले आणि मदतीच्या गाडीची वाट पाहत कठड्यावर रडत बसला. ते छायाचित्र फ्रान्सभर गाजले. दुसऱ्या दिवशी नायक पुन्हा अडचणीत आला, तेव्हा हा उलटा वळून घाट चढून गेला आणि अख्खी सायकलच देऊन आला. मान्य शर्यत जिंकला. व्हिएत्तो पाचवा आला. पुढेही त्याला ती कधी जिंकता आली नाही.

ही हकिगत आम्ही मोठ्याने वाचली तेव्हा दादा ऐकत होते. वडील गेले त्या वर्षी दादा इंटरला होते. कॉलेज सोडून ते कापडगिरणीत लागले. आमची तिघांची शिक्षणे त्या पगारावर झाली. याविषयी घरात कधी कोणी बोलले नाही. दादांनी एवढेच विचारले, "त्या पोराने घरी काय सांगितलं असेल रे?" आम्हांला उत्तर सुचले नाही. धाकटीने उठून चहा टाकला.

या खेळाला काळिमा नाही असे नाही. उत्तेजक द्रव्यांपायी १९९९ ते २००५ या सात वर्षांची विजेतेपदे २०१२ साली काढून घेण्यात आली. ती दुसऱ्या कोणालाही दिलेली नाहीत. विजेत्याचा रकाना तेवढा कोरा आहे. त्या रकान्याकडे पाहून पुतण्या म्हणाला, आता कशाला पाहता? पण आमचा जीव जिंकणाऱ्यावर फारसा जडलाच नव्हता.

एकूण क्रमवारीत सर्वांत शेवटी असणाऱ्याला तिकडे 'तांबडा कंदील' म्हणतात, रेल्वेच्या शेवटच्या डब्यावरच्या दिव्यावरून. घाटाच्या दिवशी ठरलेल्या मुदतीत पोहोचला नाही तर तो शर्यतीतून बाद होतो. जिंकणारा हात उंचावून गेला, तरी दादा टीव्ही बंद करू देत नाहीत. जेवणाची पाने वाढलेली असतात, वहिनी दोनदा हाक मारून जातात, आणि दादा विचारतात, "शेवटचा कुठवर आलाय?"