आधी काच, मग कुलूप

'कुलूप' हा शब्द अरबी 'कुफ्ल'वरून आला आणि 'चावी' पोर्तुगिजांकडून. वर्गात हे सांगितलं की मुलं हसतात. "टीचर, म्हणजे कुलूप एकाचं आणि चावी दुसऱ्याची!" आपल्या मुंबईत या दोघांची गाठ घालून देणारा माणूस स्टेशनबाहेर फुटपाथवर बसलेला असतो.

गाडीची चावी आत राहून दार बंद झालं, तर चांगला चावीवाला आधी आरसी बुक मागतो. मग दाराच्या वरच्या फटीत पाचर सारतो, हवेची छोटी पिशवी फुगवून फट रुंद करतो आणि लांब सळईने आतली कळ ओढतो. रंगावर ओरखडाही उठत नाही. हे सगळं सबुरीचं काम.

ही सबुरी कुठे संपते, ते घाटकोपरच्या एका चावीवाल्या चाचांनी दाखवलं. मे महिन्यातली दुपार होती. नवीकोरी गाडी, मागच्या सीटवर दोनेक वर्षांचं बाळ आणि चावी आत. आई काचेवर हात आपटत होती. बाप शोरूमला फोन लावत होता. जमलेल्यांपैकी कुणी तार सुचवत होतं, कुणी पट्टी. चाचांना बोलावून आणलं. त्यांनी आत डोकावून पाहिलं. बाळाचं रडणं थांबलं होतं. चाचांनी सळई काढलीच नाही. "बच्चा अंदर है. ये चाबी का काम नहीं," म्हणाले आणि बाळापासून सर्वांत लांबच्या खिडकीचा कोपरा हातोडीने फोडला. बाळ वाचलं. चाचांनी पैसे घेतले नाहीत.

उन्हात उभ्या गाडीतलं तापमान दहा मिनिटांत दहाएक अंशांनी चढतं. काच बोटभर खाली असली तरी फारसा फरक पडत नाही आणि लहान मुलाचं शरीर मोठ्यांपेक्षा खूप लवकर तापतं. बाजूच्या काचेचे फुटल्यावर बारीक दाणे होतात. समोरची काच मात्र थर चिकटवून केलेली असते, तिच्यावर वेळ घालवू नये. 112 ला फोन जरूर करावा. पण मूल मलूल झालं असेल, तर मदत येईपर्यंत थांबू नये.

जून 2023 मध्ये नागपूरच्या फारूकनगरातली तीन मुलं आणि एप्रिल 2024 मध्ये अँटॉप हिलची दोन भावंडं अशाच बंद गाड्यांत मरण पावली. खेळता खेळता आत गेली होती. काच फोडायला कुणी आलं नाही, कारण ती आत आहेत हे कुणाला ठाऊकच नव्हतं.

आपल्या वस्त्यांत वर्षानुवर्षं धूळ खात उभ्या असलेल्या गाड्या कमी नाहीत. त्यांची दारं नीट बंद आहेत का, ते बघा. लेकरू दिसेनासं झालं तर नाला आणि स्टेशन गाठण्याआधी गल्लीतल्या गाड्यांत डोकावा. आणि आत कुणी दिसलं, तर गाडी कुणाची आहे हे विचारत बसू नका.