सव्वा महिन्यानंतरचे थायरॉईड

गरोदरपणात सुरू झालेली थायरॉईडची गोळी प्रसूतीनंतर बंद झाली की घरात तो विषय मिटला असे धरले जाते. वास्तविक त्या दिवसापासून पुढचे वर्षभर बाळंतिणीच्या रक्ततपासणीवर लक्ष ठेवावे लागते, आणि सातारा-सांगलीकडे ते कोणी ठेवायचे हे पुष्कळदा ठरलेलेच नसते. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत या दोन्ही जिल्ह्यांत अजून टिकून असल्याने नाव सासरी नोंदवले जाते, प्रसूती माहेरी होते, आणि गोळी बंद झाल्यानंतरचे महिने पुन्हा सासरी जातात. प्रस्तुत लेखिकेचे सासर साताऱ्याचे आणि माहेर सांगलीचे असल्याने तिच्या तपासण्यांचे कागदही असेच दोन गावांत विभागले गेले.

थायरॉईड ही मानेच्या पुढच्या बाजूस, श्वासनलिकेला लागून असणारी ग्रंथी असून तिच्यातून स्रवणारे थायरॉक्सिन शरीरातील ऊर्जेच्या वापराचा वेग ठरवते; हे थायरॉक्सिन कमी पडू लागले की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी तिला अधिक काम करायला लावणारे संप्रेरक वाढवते, आणि अहवालात जे टीएसएच म्हणून छापलेले असते ते हेच. म्हणून टीएसएचचा आकडा वाढणे म्हणजे थायरॉईड मंदावणे, हा उलटा हिशेब घरच्यांना आधी समजावून सांगावा लागतो. गर्भाची स्वतःची ग्रंथी पहिले काही महिने पुरेशी कामाला लागलेली नसल्याने त्याचीही गरज आईलाच भागवावी लागते, आणि ज्या ग्रंथीत मुळातच फारशी शिल्लक क्षमता नसते ती या काळात उघडी पडते. अमेरिकन थायरॉईड असोसिएशनने 2011 साली पहिल्या तिमाहीसाठी टीएसएचची वरची मर्यादा 2.5 सांगितली होती, ती 2017 मध्ये स्थानिक आकडे उपलब्ध नसल्यास सुमारे 4 पर्यंत शिथिल केली. त्यामुळे जुन्या मर्यादेवर गोळी सुरू झालेल्या अनेक स्त्रियांना ती प्रसूतीनंतर लागतच नाही. लेखिकेचा आकडा मात्र नव्या मर्यादेच्याही थोडा वर होता आणि टीपीओ प्रतिपिंडे, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच थायरॉईडविरुद्ध तयार केलेली प्रथिने, रक्तात आढळली होती. पुढच्या साऱ्या घडामोडींचे मूळ या प्रतिपिंडांत होते.

गोळी थांबवण्याचा निर्णय सर्वांना सारखा लागू होत नाही, हे ठासून सांगणे आवश्यक आहे. जिला गरोदरपणापूर्वीपासून थायरॉईडचा विकार आहे तिने प्रसूतीनंतर आपल्या पूर्वीच्या मात्रेवर परतायचे असते, गोळी सोडायची नसते. जिला गोळी गरोदरपणातच आणि अल्प मात्रेत, साधारण 50 मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी, सुरू झाली तिच्याच बाबतीत डॉक्टर ती थांबवून पाहू शकतात, आणि तेथेही सहा आठवड्यांनी टीएसएच पाहावे लागते. थायरॉक्सिनचे रक्तातील प्रमाण निम्मे होण्यास सुमारे आठवडा लागत असल्याने घाईने केलेली तपासणी आधीच्या गोळ्यांचाच परिणाम दाखवते. हे सहा आठवडे आपल्याकडच्या सव्वा महिन्याच्या बाळंतपणाशी जवळजवळ जुळतात. शेक-शेगडी आणि अळिवाची खीर संपवून बाळंतीण बाहेर पडते ती बाळाच्या दीड महिन्याच्या लसीसाठी, आणि त्याच फेरीत तिचेही रक्त तपासले जाऊ शकते. सांगलीत लेखिकेची ती तपासणी झाली, आकडा योग्य आला, आणि सर्वांनी सुटकेचा श्वास सोडला.

दोन कागद येथे शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहेत. बाळाच्या लसीकरण कार्डावर दीड, अडीच आणि साडेतीन महिने, मग नऊ महिने, अशा रकाने आखलेल्या तारखा असतात. आईच्या डिस्चार्ज कार्डावर मात्र शेवटच्या ओळीत ‘थायरॉईड तपासणी करणे’ एवढेच लिहिलेले होते, केव्हा आणि कितीदा याचा उल्लेख नव्हता. प्रसूतीनंतर होणारा थायरॉईडचा दाह नेमका या मोकळ्या जागेत गाठतो. गरोदरपणात दबलेली प्रतिकारशक्ती प्रसूतीनंतर उसळून येते, ग्रंथीतील पेशींची हानी होते, आणि पहिल्या काही महिन्यांत साठलेले थायरॉक्सिन रक्तात सांडल्याने धडधड, घाम व चिडचिड जाणवते; तो साठा सरला की साधारण चौथ्या ते आठव्या महिन्याच्या सुमारास ग्रंथी मंदावते. साडेतीन महिन्यांच्या लसीनंतर थेट नवव्या महिन्याची तारीख असल्याने आईला कोणी तपासावे असा प्रसंगच मधल्या काळात येत नाही.

लक्षणेही अशी असतात की बाळंतपणाच्या नावावर सहज खपून जातात. साताऱ्यास परतल्यावर काही आठवड्यांनी लेखिकेच्या कंगव्यात केसांचे पुंजके येऊ लागले तेव्हा ‘बाळ हसायला लागलं की आईचे केस गळतातच’ असे सासूबाईंनी मायेने सांगितले, आणि ते पुष्कळ बाळंतिणींच्या बाबतीत खरेही असते. परंतु त्यासोबत ऐन उन्हाळ्यात पाय गार पडणे, बद्धकोष्ठ, कोरडी त्वचा आणि बाळ झोपलेले असतानाही कारणाशिवाय रडू येणे हे सारे एकत्र आले, तेव्हा केलेल्या तपासणीत टीएसएच बरेच वाढलेले निघाले. बाळंतिणीच्या उदासीला मनाचा दुबळेपणा समजणाऱ्या प्रत्येक घराने आधी तिचे टीएसएच पाहावे, असे येथे आग्रहाने म्हणावेसे वाटते.

गोळी पुन्हा सुरू झाली. ती अंगावर पाजणाऱ्या आईने घेण्यास हरकत नसते, परंतु ती उपाशीपोटी, चहाच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची आणि लोह व कॅल्शियमच्या गोळ्यांपासून चार तास दूर ठेवायची, हे बाळंतिणीच्या दिनक्रमात बसवणे अवघड जाते. लेखिकेने अखेर पहाटे बाळाला पाजायला उठल्यावर गोळी घेण्याची आणि लोह रात्रीच्या जेवणानंतर घेण्याची सवय लावली. बाळाचा पहिला वाढदिवस उलटल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा निम्मी झाली, सहा ते आठ आठवड्यांनी रक्त तपासले गेले, त्यानंतर गोळी थांबली आणि तेवढ्याच अंतराने पुन्हा तपासणी झाली. या वेळी आकडा जागेवर राहिला.

आशाताई मूल तीन, सहा, नऊ, बारा आणि पंधरा महिन्यांचे होताना घरी येतात, कारण 2018 पासूनच्या गृहभेटींच्या योजनेत तसे वेळापत्रकच आहे. या भेटी बाळाच्या वाढीसाठी असल्या तरी सहाव्या महिन्याच्या भेटीत आईला थकवा, बद्धकोष्ठ आणि उदासीबद्दल दोन प्रश्न विचारले गेले, तर ती मोकळी जागा फारशा खर्चाशिवाय भरून निघेल. गोळी थांबलेल्या स्त्रीने पुढेही दरवर्षी टीएसएच करून घ्यायचे असते, कारण काहींची ग्रंथी काही वर्षांनी कायमची मंदावते; आणि एकदा असा दाह झालेल्या स्त्रीला पुढच्या बाळंतपणानंतर तो पुन्हा होण्याची शक्यता मोठी असल्याने, दुसऱ्या खेपेस दिवस राहण्याआधीच तपासणी करून जुने अहवाल पहिल्याच भेटीत डॉक्टरांसमोर ठेवावे लागतात. लेखिकेने आता दोन्ही गावांतले अहवाल तारीखवार लावून एका फाईलमध्ये ठेवले असून त्याची एक प्रत माहेरीही दिली आहे.