खाडीवरचे पाहुणे

सहल म्हटली की आपल्या कष्टकरी घरांत आधी खर्चाचा हिशेब होतो आणि सहल राहून जाते. पण मुलुंड, भांडुप, घाटकोपरच्या पूर्वेला, हायवेच्या पलीकडे ठाण्याची खाडी आहे. शासनाने २०१५ साली तिचा सुमारे १७ चौरस किलोमीटरचा भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर केला. २०२२ साली त्याचा समावेश जगातील महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत झाला.

मार्चमधील एका रविवारी, स्थानिक पक्षीमित्र मंडळासोबत आम्ही वस्तीतील काही कुटुंबे भांडुप पंपिंग स्टेशनच्या परिसरात गेलो. डब्यात चपाती-भाजी, आणि सर्वांत मिळून दोन दुर्बिणी. वाटेत मिठागरे, तिवरांची झाडी. खंड्या, बगळे, लाल काडीसारख्या पायांचे शेकाटे दिसले. ओहोटी लागली, चिखल उघडा पडला आणि दूरवर गुलाबी रेघ दिसू लागली. ते फ्लेमिंगो! मराठीत त्यांना रोहित म्हणतात.

मंडळाच्या कार्यकर्त्यांनी समजावले की हा पक्षी चोच उलटी धरून चिखलपाणी गाळतो आणि त्यातील सूक्ष्म शेवाळ व बारीक जीव खातो. त्या अन्नातूनच त्याला गुलाबी रंग येतो. पिल्ले मात्र राखाडी असतात. "म्हणजे खाईल तसा रंग!" आमच्यातील एक मावशी म्हणाल्या आणि सगळे हसले.

पण हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नाही. याच खाडीत शहराचे सांडपाणी जाते, प्लास्टिक अडकते. कोळी बांधवांची मासळीही इथलीच. तिवरे भरतीच्या पाण्याचा जोर कमी करतात. ती तुटली तर पहिला फटका सखल भागातील वस्त्यांनाच बसणार. मे २०२४ मध्ये घाटकोपरला विमानाच्या धडकेने तीसहून अधिक फ्लेमिंगो मरून पडले. तेव्हा अनेकांना प्रथमच कळले की हे पक्षी रोज आपल्या डोक्यावरून ये-जा करतात.

वाचकहो, फ्लेमिंगो साधारण मेपर्यंत इथे असतात. जाताना भरती-ओहोटीची वेळ पाहावी, भडक कपडे टाळावेत, गोंगाट करू नये, कचरा परत आणावा. ऐरोलीला वन विभागाचे जैवविविधता केंद्रही आहे. दुर्बीण नसली तरी चालेल, पण मुलांना जरूर न्या. जी खाडी मुलांनी पाहिलीच नाही, ती उद्या बुजवली गेली तर त्याविरुद्ध बोलणार कोण?