पंधरा ऑगस्टचा शुक्रवार

माझ्या अक्षराचं कौतुक शाळेत कुणी केलं नाही. ते आमच्या कारखान्यात झालं. १९९७ साली कारखान्याला आय. एस. ओ. ९००२चे डोहाळे लागले आणि 'जे करता ते लिहा, जे लिहिता ते करा' हा मंत्र घुमू लागला. करण्याचं खातं इतरांकडे होतं. लिहिण्याचं माझ्याकडे आलं.

गुणवत्ता-पुस्तिका तयार झाली, ती दोन्ही हातांनी उचलावी लागे. (पुढे २०१५च्या आवृत्तीत अशी पुस्तिका हवीच ही अट काढून टाकली. माझी कंबर मात्र तेव्हा धरली ती धरलीच.) भिंतीवरचं गुणवत्ता-धोरण कामगारांनी रामरक्षेसारखं पाठ केलं, एकानं तर शेवटी हातही जोडले.

राहिलं गेजचं रजिस्टर. भोक मापात पडलं की नाही, हे पाहायला 'गो-नो गो' गेज असतो. 'गो' बाजू आत जायला हवी, 'नो गो' जाता कामा नये. वापरून वापरून 'गो' बाजू झिजते आणि मग लहान भोकालाही 'चालेल' म्हणते. म्हणून दर शुक्रवारी गेज तपासून नोंद करायची, असं पुस्तिकेत मीच लिहिलं होतं. नोंदी मात्र केल्या ऑडिटच्या आदल्या रात्री. समोर कॅलेंडर, दोन रंगांची पेनं, मधूनच चहाचा एक डाग. तीन महिने 'ठीक, ठीक, ठीक'.

ऑडिटर गृहस्थ फार मृदू बोलायचे. पानं उलटता उलटता थांबले.

"पंधरा ऑगस्टलाही तपासलात?"

स्वातंत्र्याचा सुवर्णमहोत्सव! देश झेंडावंदन करत होता आणि मी बंद कारखान्यात गेज तपासत होतो. मी तोंड उघडणार, तोच अण्णा फिटरनं ड्रॉवरमधून, सुताच्या बोळ्याखालून, एक तेलकट डायरी काढली.

"खरं यात हाय, साहेब."

बिचारा मला मदतच करत होता. दर शुक्रवारी मायक्रोमीटरचे आकडे, पेन्सिलीनं. पंधरा ऑगस्ट: 'सुट्टी'. अकरा जुलै: 'गो बाजू झिजली. साहेबांना सांगितलं.'

साहेब म्हणजे मी. 'बघू' म्हणाल्याचंही आठवलं. माझ्या रजिस्टरात अकरा जुलै 'ठीक' होता.

"जुलैपासूनचा माल कुठं गेला?" ऑडिटरांनी तितक्याच मृदूपणे विचारलं.

तो गिऱ्हाइकाकडे गेला होता. संध्याकाळपर्यंत मी फोनवर माफी मागत होतो. कारखाना सुटताना अण्णा टेबलाशी येऊन उभा राहिला.

"साहेब, डायरी द्या. शुक्रवारी लागंल."