वारांचं गणित
लेखांक पहिला : कोची

बुधवार, मुंबई

शुक्रवार ते रविवार कोचीला जायचं ठरलं, तिकिटं निघाली आणि रात्री वेळापत्रक मांडायला बसलो. मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद. ज्यूंचं सिनेगॉग शुक्रवारी दुपारपासून शनिवारभर बंद. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये रविवारी सकाळी प्रार्थना, तेव्हा पर्यटकांनी आत घुसू नये. म्हणजे नोकरदाराला जे तीन दिवस मिळतात, त्या प्रत्येकावर कुणाचा ना कुणाचा हक्क आधीच आहे.

मावशीला यात नवल वाटलं नाही. तिचं माहेर रेवदंड्याकडचं. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या बेने इस्रायल ज्यूंना कोकणानं ‘शनिवार तेली’ म्हटलं, हे ती लहानपणापासून ऐकत आलेली. एकोणिसाव्या शतकात त्यांना धर्मशिक्षण द्यायला कोचीहून शिक्षक येत. शिवाय ती स्वतः शनिवार पाळते, त्या दिवशी मासे नाहीत. तेव्हा तिनंच कागद पुढे ओढला : शुक्रवारी चर्च आणि मासे, शनिवारी राजवाडा आणि शाकाहार, रविवारी सिनेगॉग.

मुक्काम फोर्ट कोचीत, एका घरगुती होमस्टेत. विमानतळ नेडुंबसेरीला, तिथून टॅक्सीनं तास-दीड तास लागतो. नेत्रावती एक्सप्रेसनं कोकण पाहत जायचा मोह होता, पण गाडीतच एक रात्र जाते. शनिवार-रविवारला जोडून जायचं तर विमानच बरं.

शुक्रवार, फोर्ट कोची

सकाळी चिनी जाळ्यांपाशी. फोटोत ती नाजूक दिसतात. जवळ गेलं की कळतं, हे चांगलं अवजड यंत्र आहे. लाकडाचा सांगाडा, आणि मागे दोरांना टांगलेले मोठाले धोंडे. एक जण तुळईवरून पाण्याच्या दिशेनं चालत गेला, त्याच्या वजनानं जाळं खाली उतरलं. काही मिनिटांनी चौघं-पाच जण दोर ओढू लागले. धोंड्यांचा भार त्यांच्या बाजूनं असल्यामुळे एवढं मोठं जाळं सहज वर आलं. आत मूठभर बारकी मासळी आणि जलपर्णीचा भारा. ‘ओढून बघा’ म्हणून पर्यटकांना बोलावतात, नंतर पैसे मागतात. मासळीपेक्षा त्यातच जास्त सुटत असावेत.

सेंट फ्रान्सिस चर्च तिथून चालत पाच-दहा मिनिटांवर. पोर्तुगीजांनी १५०३मध्ये लाकडी बांधलं, मग दगडी केलं. डचांनी १६६३मध्ये कोची घेतल्यावर ते त्यांचं झालं, पुढे इंग्रजांचं. वास्को द गामा १५२४मध्ये नाताळच्या आदल्या दिवशी कोचीत वारला आणि इथेच पुरला गेला. पुढे अस्थी लिस्बनला नेल्या. जमिनीत कठड्यानं घेरलेली शिळा तेवढी राहिली. माझी नजर मात्र छताला टांगलेल्या कापडी पंख्यांवर. त्यांचे दोर भिंतीतून बाहेर जातात. आतल्यांना वारा मिळावा म्हणून ओढणारा बाहेर उन्हात बसायचा.

दुपारी केळीच्या पानात भाजलेला करीमीन. मावशीनं काटे काढत जाहीर केलं, “मसाला चांगला आहे, पण कोकम हवं होतं.”

शनिवार, मट्टनचेरी

राजवाड्याला ‘डच पॅलेस’ म्हणतात, पण तो पोर्तुगीजांनी १५५५च्या सुमारास बांधून कोचीच्या राजाला भेट दिला. डचांनी डागडुजी केली. बाहेरून साधा, पांढऱ्या भिंतींचा, कौलारू. आत राजाच्या शयनगृहात भिंतभर रामायण : गेरूचा लाल, पिवळा, हिरवा, टपोरे डोळे, आणि बोटभरही जागा रिकामी नाही. फोटोला मनाई आहे, म्हणून माणसं खरंच बघत उभी राहतात.

तिथून चेरलाई, तिरुमल देवस्वम. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जाचानं गोवा सोडलेली गौड सारस्वत कुटुंबं इथे वसली. पोर्तुगीजांचा किल्ला कोचीतही होताच, पण ही वस्ती राजाच्या आसऱ्याला. देवळाजवळच्या पापडवाल्या आजोबांनी आमचं मराठी ऐकून “तुमी खंयचे?” विचारलं, आणि मावशी तिथेच रमली.

याच समाजातल्या रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या वैद्यांनी डच गव्हर्नर व्हॅन ऱ्हीडला मलबारच्या वनस्पतींवरच्या ग्रंथासाठी मदत केली. इट्टी अच्युदन हे मल्याळी वैद्यही त्यात होते. ‘होर्तुस मलबारिकुस’चे १२ खंड १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅम्स्टरडॅमला निघाले. पहिल्या खंडात तिघा सारस्वत वैद्यांची ग्वाही कोकणीत, देवनागरी लिपीत छापलेली आहे.

जेवण गुजराती रोडवर. मावशीचा शनिवार सांभाळला गेला.

रविवार, ज्यू टाउन ते एर्नाकुलम

सिनेगॉग १५६८चं. पायताण बाहेर, खांदे-गुडघे झाकलेले हवेत. खाली हातानं रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या चिनी फरशा. दोन सारख्या नाहीत म्हणतात. मावशीनं वाकून दोन सारख्या शोधायचा प्रयत्न केला, नाद सोडला. १९६८मध्ये ४००व्या वर्धापनदिनाला इंदिरा गांधी आल्या होत्या. इस्रायल झाल्यावर बहुतेक कुटुंबं तिकडे गेली. गल्लीत आता मसाल्याची आणि जुन्या वस्तूंची दुकानं.

दुपारी फोर्ट कोचीहून वॉटर मेट्रो पकडली. या विजेवर चालणाऱ्या बोटी २०२३मध्ये सुरू झाल्या. वाटेत विलिंग्डन बेट लागतं. रॉबर्ट ब्रिस्टो या इंग्रज अभियंत्यानं बंदराच्या तोंडाशी आडवा पडलेला वाळूचा बांध फोडला, १९२८मध्ये ‘पद्मा’ ही आगबोट आत आली, आणि उपसलेल्या गाळातून हे बेट उभं राहिलं. त्याच्याही आधी १३४१च्या पेरियारच्या पुरानं इथलं मुख मोठं केलं आणि उत्तरेचं, कोडुंगल्लूरकडचं मुझिरिस हे जुनं बंदर मागे पडलं, असं मानतात.

हे ऐकून मावशीनं परतीची तिकिटं एक दिवस पुढे ढकलायला लावली. पुढच्या लेखांकात कोडुंगल्लूर.