वसईकर व्हायचे म्हणजे

मुंबईच्या माणसाला वसई म्हटली की आधी केळी आठवतात; शाळेत इतिहास बरा झाला असला, तर पाठोपाठ चिमाजी अप्पा. फार झाले तर लोकलच्या गर्दीबद्दल तो दोन कडू शब्द ऐकवील. यांत खोटे काहीच नाही. पण एवढ्या भांडवलावर वसई कळायची नाही. मी घाटावरचा. नोकरीच्या निमित्ताने इथे बिऱ्हाड थाटले त्याला आता अठरा वर्षे होतील, तरी गावात मी अजून ‘बाहेरचे सर’च आहे. त्यात राग नाही, नुसती नोंद आहे.

पाहुणे आले की त्यांना किल्ला दाखवावा लागतो. 1534 साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि 1739 च्या मे महिन्यात मराठ्यांनी ती जिंकली. तटाच्या आत ताडांच्या दाटीत छपरे उडालेली चर्चे उभी आहेत. इथेच 1802 साली दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला. पाहुण्यांना ते सांगताना माझा आवाज आपोआप खाली येतो. जिंकणाऱ्यांनी चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून नेल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा त्यांतलीच, असे सांगतात. घंटा गेल्या, पण ज्यांच्यासाठी त्या वाजत, ते लोक इथेच राहिले. वसईच्या इतिहासातली मला ही सर्वांत मोठी गोष्ट वाटते, आणि पाहुण्यांना नेमकी तीच दिसत नाही. ते तोफांचे मोर्चे शोधत असतात.

हे लोक कोण? आडनावे डाबरे, लोपीस, रॉड्रिग्ज, परेरा. आणि बोली मराठी. पण ‘ख्रिस्ती’ एवढे म्हणून भागत नाही. कोणी सामवेदी, म्हणजे कुपारी, कोणी वाडवळ, कोणी कोळी. देव बदलला, पण जात चारशे वर्षे चिकटून राहिली. हे कौतुकाने सांगावे की खेदाने, ते मला अजून ठरवता आलेले नाही. तांबडे लुगडे नेसलेली कुपारी म्हातारी मिस्साला निघालेली पाहिली, की कौतुक वरचढ होते. सोयरिकीच्या गोष्टी कानावर आल्या, की खेद.

बोलीचे मात्र निर्भेळ कौतुक. सामवेदी ब्राह्मण आणि कुपारी ख्रिस्ती एकच बोली बोलतात. तिला कादोडी म्हणतात. एक देवळात जातो, दुसरा देवळात जात नाही. पण बाजारात दोघे बोलू लागले, की मराठीचा एम्. ए. झालेला मी तोंडाकडे पाहत राहतो! पहिल्या वर्षी एका विद्यार्थ्याच्या निबंधात न कळणारे शब्द सापडले. मी त्यांखाली लाल रेघा मारायच्या बेतात होतो. मग त्याला जवळ बसवून अर्थ विचारले. त्या दिवशीचा तास त्यानेच घेतला म्हणा ना! याच मातीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 च्या जानेवारीत उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा बाहेर पुष्कळांना नवल वाटले. वसईला नवल वाटले नाही, अभिमान वाटला.

पण ही सारी माणसे एकत्र बांधली आहेत ती धर्माने नव्हे, भाषेनेही नव्हे, पाण्याने. वसईची वाडी म्हणजे विहीर, तिच्याभोवती केळी, पानवेली, फुलझाडे आणि मधोमध घर. पूर्वी रहाट होते, पुढे पंप आले. शहर फुगले तसे टँकर विहिरींना तोंड लावू लागले, उपसा वाढला आणि कित्येक विहिरींत खारे पाणी शिरले. 1980 च्या दशकाच्या अखेरीस त्याविरुद्ध हरित वसईची चळवळ उभी राहिली. तिच्या पुढे फादर दिब्रिटो होते आणि मागे सर्व धर्मांची माणसे. 2009 साली महानगरपालिका आली, तेव्हा ‘आमची गावे वगळा’ म्हणून लोक पुन्हा रस्त्यावर उतरले. विकासाला विरोध करणारे मागासलेले लोक, असे त्यांच्याविषयी मी शहाण्यांच्या तोंडून ऐकले आहे. त्या शहाण्यांनी एकदा इथल्या मचूळ पाण्याचा चहा प्यावा.

आमच्या शेजारच्या आजींची विहीर अशीच मचूळ झाली आहे. एक मुलगा परदेशी, दुसरा मुंबईत. दोघांचे म्हणणे, वाडी विकून टाकावी. गिऱ्हाईक तयार आहे, भाव चांगला आहे. मुले वाईट नाहीत. त्यांचा हिशेबही चुकीचा नाही. आजींनी मला विचारले, “सर, तुम्ही शिकलेले. पैसे बँकेत ठेवीन, पण सकाळी उठून मी जायचे कुठे?” मला उत्तर सुचले नाही.

कागदांवर अजून त्यांची सही झालेली नाही. यंदा पावसाच्या तोंडी त्यांनी विहिरीपासून लांबच्या कोपऱ्यात राजेळीचे मुनवे लावले. राजेळी पिकली की सोलून उन्हात वाळवायची, मग सुकेळी होते. “लोंगर यायला वर्ष तरी जाईल,” असे त्या म्हणाल्या, आणि दलालाला मात्र दिवाळीनंतर या म्हणून सांगितले.